नानांच्या गाडीचं इंजिन

नाना,

मागच्या महिन्यात तुमच्या गाडीचं इंजिन उतरवलं. साखळीनं वर उचललं, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, आणि बोनेटखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत मी गॅरेजमध्ये नाक पुसत उभी राहिले. पन्नाशीची बाई, पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवणारी, आणि एका आठशे सीसीच्या इंजिनापायी रडते. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, आधी पान्याला लागलेलं तेल पूस, मग डोळे. तर हे असं का झालं ते ओळीनं सांगते. मराठीतच लिहिते आहे, कारण हॉस्टेलवरून हिंदी शब्द घुसडलेलं माझं पत्र आलं की तुम्ही ते लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचात. आता परत पाठवणारं कोणी नाही, त्यामुळे चुका असतील तर असू देत.

सगळं सुरू झालं ते आईपायी. आई आता माझ्याजवळ देवासला असते, आणि महिन्यातून एकदा तिला धामनोदला मावशीकडे जायचं असतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ती बसत नाही, तुमचीच पाहिजे. जाताना उतार असतो, काही त्रास नाही. येताना घाट. तुम्हाला आठवत असेल, धारला होतो तेव्हा धामनोदहून परतताना तुम्ही चढाच्या तोंडाशी आम्हाला उतरवायचात. आई, मी आणि मावशीनं दिलेल्या पपयांची पिशवी. रिकामी गाडी घेऊन तुम्ही वर जायचात आणि आम्ही धापा टाकत पोचेपर्यंत बोनेट उघडून उभे. मला त्यात कमीपणा वाटायचा. ट्रकवाले हसतात असं वाटायचं. तुम्हाला काहीच वाटायचं नाही, उलट आम्ही वर पोचलो की म्हणायचात, गाडीला दम लागला होता, तिला जरा बसवलं. आता आई चौऱ्याऐंशी वर्षांची. दिवाळीनंतर येताना गाडी चढावर थांबलीच, मागे ट्रकची रांग, हॉर्नवर हॉर्न. आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या नानांच्या वेळी उतरत होते, कारण पाय होते. आता गाडी तरी चढव, नाही तर बहिणीला मी फोनवरच भेटेन." पुढच्या महिन्यात तिनं खरंच जायचं नाव काढलं नाही. दोघी बहिणी, दोघी ऐंशीच्या पुढच्या. म्हणून मला हात घालावा लागला.

गॅरेज तुमच्याच विद्यार्थ्याचं आहे, बायपासजवळ. धारच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला तुमच्या हाताखाली होता, शेवटच्या दोन-तीन बॅचेसपैकी. मी त्याला माळव्याच्या रीतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणते, तो मला मॅडम म्हणतो, आणि तुमचं नाव निघालं की दोघंही जरा सरळ उभे राहतो. मी त्याला म्हटलं, टर्बो बसवू. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, बस्स. एखाद्या जुन्या डिझेल गाडीचा टर्बो मिळेल, कमी खर्चात काम होईल, आणि नानांचं इंजिन जागेवर राहील. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच वर्गात नापास झाल्यासारखं वाटलं. मग बोटांवर मोजत सांगायला लागला. जास्तीची हवा आली की जास्तीचं पेट्रोल पाहिजे, या कार्ब्युरेटरला ते जमणार नाही. ते जमवलं तर पिस्टन सोसणार नाहीत. पिस्टन बदलले तर गॅस्केट, मग तेलाची नळी, मग क्लच. स्वस्तातला टर्बो स्वस्त राहत नाही, मॅडम, त्याच्यामागे सगळी वरात येते. त्यापेक्षा याच कंपनीचं हजार सीसीचं इंजिन, मागून ठोकलेल्या गाडीतलं, त्याच्याकडे पडून आहे. आरटीओची परवानगी काढू, बसवू, आई आरामात घाट चढतील.

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. हेच सगळं मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरी मी तासभर भांडले. कारण ते इंजिन तुम्ही हातानं उभं केलेलं होतं, नाना, आणि ते उतरवायचं म्हणजे तुम्हाला घरातून बाहेर काढायचं, असं मला वाटत होतं. हे त्याला कसं सांगणार. मी आपली कॉम्प्रेशन रेशोवर वाद घालत राहिले.

तुमचे कान मला आजही आठवतात. स्क्रू पिळायचा तुमचा तो लाकडी मुठीचा लांब पेचकस. टोक इंजिनाच्या अंगावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. धारच्या घरी मला तुम्ही सातव्या-आठव्या वर्षापासून शेजारी उभं करायचात. मी पेचकस कानाला लावते आहे, तुम्ही एका सिलिंडरची वायर काढता आहात, आणि मी न बघता सांगायचं, पहिला, मधला की तिसरा. चुकले तर तुम्ही रागवायचा नाहीत, फक्त पुन्हा वायर लावायचात. बरोबर आलं तर म्हणायचात, हं. त्या एका ‘हं’साठी मी खेळायला जायची नाही. स्वयंपाकघरात आईचा मिक्सर कुरकुरला तर तुम्ही ओसरीवरून सांगायचात, बुशिंग गेलं, चार दिवस काढेल. चौथ्या दिवशी तो जायचा. आई म्हणायची, मिक्सरचं सगळं ऐकू येतं, मी हाक मारते तेवढी ऐकू येत नाही. आणि तुमचं ते वाक्य, जे घरात मला, आईला आणि पिंजऱ्यातल्या पोपटालासुद्धा पाठ होतं: "इंजिन सांगितल्याशिवाय मोडत नाही. ऐकणारा पाहिजे." तेव्हा मला ते घोकंपट्टीचं वाटायचं. आज मी मुलांना सांगते तेव्हा आवाज तुमचाच काढते.

आता त्या उन्हाळ्याचं. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला जगातलं सगळं येत होतं. तुम्ही पंधरा दिवस परीक्षेच्या ड्यूटीवर परगावी गेलेले. मी भंगारातून एक टर्बो आणला, वर्गातल्या दोघींना बोलावलं, पाइप कापले, जोडले, रात्रीचा दिवस केला. तुम्हाला आधी विचारलं होतंच. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, हवा तू वाढवशील, पेट्रोल कोण वाढवणार? मला तो प्रश्न जुन्या माणसाचा वाटला. गाडी घेऊन एकटीच धामनोदपर्यंत उतरले आणि फिरून घाट चढायला लागले. काय सांगू नाना, जिथे आपण उतरून चालायचो तो चढ मी एका ट्रकला मागे टाकून चढले. खिडकी उघडी, वेणी सुटलेली, आणि मी मोठ्यानं हसते आहे. त्या चढाबद्दल मी सगळ्यांना एवढंच सांगते. वर पोचेपर्यंत निळा धूर निघायला लागला आणि धारपर्यंत गाडी कशीबशी, थरथरत आली.

तुम्ही आलात, कपडेही न बदलता गाडीपाशी गेलात. मी टर्बोची सगळी कबुली दिली, मान खाली घालून, पाठ केल्यासारखी. मला वाटलं आता वीज पडणार. तुम्ही वाकून पाइपचे जोड पाहिलेत, बोट फिरवलंत आणि म्हणालात, "वेल्डिंग बरं आहे." मग सरळ होऊन एकच गोष्ट विचारलीत.

"आवाज आला होता?"

"नाही," मी म्हटलं.

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत, आणि हात धुवायला गेलात. रागावणं नाही, काही नाही. मी परीक्षेला परत गेले. सुट्टीत आले तेव्हा गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. मी विचारलं तर म्हणालात, झालं दुरुस्त. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तो पेचकस तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलात. आणि गेली इतकी वर्षं मी छाती फुगवून सांगत आले, माझ्या नानांनी फुटलेलं इंजिन पुन्हा उभं केलं, बघा अजून चालतंय.

तर गॅरेजमध्ये भांडण आटपलं नाही, तेव्हा भिया म्हणाला, आधी कागद तर दाखवा. मी आरसीचं ते जुनं निळं पुस्तक काढून दिलं. दर वेळी एजंटच सगळं करून आणतो, मी सही करते, पहिल्या पानापलीकडे ते मी कधी उलटलंच नव्हतं. त्यानं रॉकेलच्या फडक्यानं ब्लॉकवरचा नंबर पुसला, पुस्तक पाहिलं, पुन्हा ब्लॉक पाहिला आणि हळूच म्हणाला, "मैडम, नंबर तो अलग है." मी म्हटलं, शक्यच नाही. त्यानं पान उलटलं. तिथे शिक्का होता, इंजिन बदलल्याची नोंद, नवा नंबर, साहेबाची सही. तारीख त्याच उन्हाळ्याची, मी परत गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातली. म्हणजे मी ज्या इंजिनासाठी तासभर भांडले ते मुळातलं नव्हतंच. मी फोडलं ते केव्हाच भंगारात गेलं होतं. मला कळू न देता तुम्ही दुसरं बसवलंत, आणि सरकारी कागदावर मात्र अक्षर न् अक्षर खरं लिहून घेतलंत. मला हसू आलं. वाटलं, हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं.

पण पुस्तकाच्या कव्हरात तुमच्या अर्जाची कार्बन कॉपी घडी करून ठेवलेली होती. तुमचं ते ताठ हिंदी अक्षर. भियानं वाचून दाखवलं: इंजन बिना किसी पूर्व संकेत के खराब हुआ. आणि वाचता वाचता तोच खुलला. म्हणाला, हेच तर सर आम्हाला वर्गात सांगायचे. मी म्हटलं, काहीतरीच काय, नाना तर उलट सांगायचे, इंजिन सांगितल्याशिवाय मोडत नाही. तो म्हणाला, तसं जुन्या बॅचवाले सांगतात, आम्हीही ऐकून आहोत. आम्हाला सर म्हणायचे, हातात खडू धरून, दर वर्षी:

"कभी-कभी इंजन बिना बताए भी चला जाता है। तब चलाने वाले को मत डाँटना।"

मी त्याला म्हटलं, हजार सीसीचं बसव. तो बिचारा समजला की वाद तो जिंकला.

नवं इंजिन बसलं, आरटीओचं कामही झालं, या वेळी प्रत्येक पान मी स्वतः वाचून सही केली. गेल्या रविवारी आईला घेऊन धामनोदला गेले. येताना त्या चढाशी आईनं सवयीनं दाराच्या कडीला हात लावला. मी म्हटलं, बस. गाडी न अडखळता चढली. वर पोचल्यावर मी कडेला थांबवली, बोनेट उघडलं आणि तुमचा पेचकस कानाला लावला. आईनं आतून विचारलं, काय म्हणतंय? म्हटलं, ठीक आहे म्हणतंय. ती म्हणाली, तुझ्या नानांनी आणखी दहा मिनिटं ऐकलं असतं. मग पपयांच्या पिशवीवर हात ठेवून ती झोपून गेली.

नाना, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात की सगळं ओळखून मला पाठीशी घातलंत, ते मला आता कधीच कळणार नाही. विश्वास ठेवला असेल तर माझ्या एका शब्दावर तुम्ही आयुष्यभर शिकवलेला धडा बदललात. ओळखलं असेल तर तो धडा तुम्ही माझ्यासाठी बदललात. दोन्हीपैकी कोणतं जास्त मोठं, मला ठरवता येत नाही. मी मात्र तुमच्यासमोर बसून पुढे कितीतरी वर्षं जेवले आणि बोलले नाही. टर्बो लावल्याची लाज नव्हती, ते धाडस होतं, त्यात तुम्हालाही थोडी गंमत वाटली होती. ऐकू येऊनही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही, ही लाज होती. हे पत्र घडी करून त्या निळ्या पुस्तकात ठेवते आहे, तुमच्या अर्जाच्या शेजारी, म्हणजे नोंद तरी पुरी होईल.

आवाज आला होता, नाना. दुसऱ्या वळणापासून, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा. मधल्या सिलिंडरचा होता. मला तेव्हाच कळलं होतं.