बाबांच्या पायजम्यावरची कुसळं

२८ ऑक्टोबर

पुन्हा तेच! बाबांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत काळ्या बिया. सुईसारख्या, टोकाला दोन-तीन शिंगं. घासून निघत नाहीत, एकेक उपटावी लागते. आई म्हणते, "कुसळं हायत, दुसरं काय!" तिला चिकटणारं सगळं कुसळच. मी बी.एस्सी. बॉटनी — मला नाव हवंच.

२९ ऑक्टोबर

आघाडा नाही. गोखरू तर नाहीच. फोनला बीचा फोटो दाखवला — बायडेन्स. फूल मध्ये पिवळं, भोवती चार-पाच पांढऱ्या पाकळ्या, ओलीत वाढणारं. आपल्या शेतात ओल कुठे? आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाबा तणनाशक मारतात, काडी ठेवत नाहीत. मग हे आणतात कुठून?

१ नोव्हेंबर

सापडलं! नाल्यावर, जगदेवकाकांच्या विहिरीजवळ, दोन्ही काठांनी माजलंय. आणि तिथे कोण? अलीकडे बाबा, पलीकडे काका! सख्खे भाऊ. धुऱ्यावरून भांडले तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, असं अख्खं गाव समजतं. बाबांनी तंबाखूची डबी फेकली, काकांनी झेलली, चिमूट घेऊन परत फेकली. मग बाबांनी स्वतः मळली. एक शब्द नाही! मी तुरीच्या आड ओढणी तोंडात कोंबून हसले. मग रडूच आलं.

२ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत हाय मले. तू बोलू नको! कोणी पाह्यलं असं समजलं, त दोघंबी जाणं सोडतीन."

न बोलून कसं चालेल? वीस तारखेला माझा मांडव. मांडवावर घालायचे हिरवे डहाळे भावकीने आणायचे, आणि आम्हाला काका सोडून भावकी आहे कुठे? अक्षत, म्हणजे लग्नाचं बोलावणं, मिळाल्याशिवाय ते येणार नाहीत. बाबा त्यांच्या दारात जाणार नाहीत. लहानपणी पोळा मी काकांच्या खांद्यावर बसून पाहिलाय. ते नसतील तर मला हे लग्न गोड लागणार नाही.

६ नोव्हेंबर

केनवडच्या बाजारातून हळद आणली. तांदूळ पिवळे केले.

९ नोव्हेंबर

बाबा चहा पीत होते तेवढ्यात डबीतली तंबाखू काढली, अक्षता भरल्या. त्यांनीच आधी उघडली तर माझी खैर नाही! पण पहिली चिमूट ते काकांना देतात, मी पाहिलंय.

१० नोव्हेंबर

रात्री जेवताना बाबा माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "जगदेव इचारून राह्यला होता, डहाळे आंब्याचे आणू का जांभळाचे."