मंगळ आतून निवला

१२ मार्च, बुधवार

आज तेंदूपानं गोळा होतात त्या फडावरचा, पुडे मोजून हिशेब लिहिणारा मुन्शी घरी आला होता. गेल्या हंगामात नाल्याकडं वाघ फिरतो हे त्याला ठाऊक होतं. पानं कमी येतील म्हणून कुणाला बोलला नाही. स्वतःच्या भावाला मात्र घरी ठेवलं. आमचे हे पानं तोडायला नाल्याकडंच गेले आणि वाघानं मारले.

बशीत फुंकर घालत चहा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, यंदाही मलेच मुन्शी ठेवाचं म्हणून राह्यले सारे. उद्या ग्रामसभेत तुम्ही बी हो म्हणा. राग आता थंडा करा."

आमच्या गावात एकानंही नाही म्हटलं तर ठराव होत नाही. म्हणून आला. ह्यांच्या मातीला तरी आला होता का?

तो गेल्यावर ग्रहांचं पुस्तक घेऊन बसले. लक्ष त्या फुंकरीवरच. दगड दगडांवर आदळून पृथ्वी झाली, आधी नुसता वितळलेला गोळा. वरून निवली, पाणी साचलं, मग जीव आले. म्हणजे मुन्शीचं खरं? निवावंच लागतं?

पान उलटलं. पृथ्वीच्या पोटात लोखंड अजून वितळलेलं आहे. त्याच्या घुसळण्यातून चुंबकीय कवच तयार होतं, ते हवा राखायला मदत करतं. मंगळ लहान, आतून लवकर निवत गेला. कवच गेलं, मग हवा गेली, पाणीही गेलं.

मीही वरून निवले आहे. रांधते, पोरीशी हसते. आतलं निवू देणार नाही.

उद्या मी नाही म्हणेन. सारे विचारतील, "बाई, काऊन नाई?" तेव्हा सगळ्यांसमोर वाघाचं सांगेन, त्याच्या भावाचंही. मग घालू दे त्याला फुंकर.