आमगावची मिन्स पाई

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६
आजपासून शिस्त. चहात साखर अर्धा चमचा. रोज डायरी. कोणावर चिडायचं नाही.

कारण मोठं आहे. काल नागझिऱ्याजवळच्या रिसॉर्टचा मॅनेजर गोवर्धन याचा फोन आला. नाताळला आठ इंग्रज पाहुणे येऊन राहिले. २४ तारखेला चार वाजताच्या चहासोबत त्यांना मिन्स पाई पाहिजे. चाळीस नग. पसंत पडली तर रिसॉर्टचा वर्षभराचा पाव, टोस्ट, नानखटाई, सगळं आपल्या बेकरीतून. मी ताबडतोब हो म्हणालो. मग मिन्स पाई म्हणजे काय असते ते मोबाइलवर पाहिलं.

हे जमलंच पाहिजे. चौकात ती काचेची बेकरी झाल्यापासून आपल्याकडे कोणी फिरकत नाही. आणि साळा भुपेंद्र टपूनच बसला आहे. भेटला की एकच टेप : जिजाजी, भट्टी बंद करा, माझ्या राइस मिलच्या गेटवर बसा, ट्रकचे नंबर लिहा. अरे, मी कारागीर माणूस! तीस वर्षं मैद्यात हात आहेत माझे. ट्रकचे नंबर?

बायकोला, सुशीलाला, सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. खूश झाली असणार.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी
इतिहास वाचला. पाहुण्यांशी बोलता आलं पाहिजे. मैद्याची छोटी वाटी, आत सारण. पूर्वी या सारणात चक्क मटण घालत. हळूहळू मटण गेलं, फळं राहिली. सफरचंद, मनुके, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, जायफळ. मसाले पूर्वेकडून गेले म्हणे. म्हणजे अर्धा पदार्थ आपलाच झाला. जिन्नस तेरा पाहिजेत, येशू आणि त्याचे बारा शिष्य म्हणून. वर मैद्याची चांदणी. नाताळपासून बारा दिवस रोज एक खाल्ली की पुढचे बारा महिने चांगले जातात.

सुशीलाचा मार्गशीर्ष चालू. "मटण" एवढंच ऐकलं आणि उठून गेली. तिच्या मागे मागे जाऊन समजावलं की मटण कधीचंच काढलं, आता नुसती चरबी राहिली. हे सांगायला नको होतं. शेवटी डालड्यावर तडजोड.

४ डिसेंबर, गुरुवार
अडचण. फळं ब्रँडीत तीन आठवडे मुरवावी लागतात. सुशीला म्हणते, माझी लक्ष्मी मांडली आहे, घरात बाटली आली तर मी माहेरी. माहेर म्हणजे भुपेंद्र. नको.

मनुके आणले तर तेही खड्यासारखे. डोकं सटकलं होतं, तेवढ्यात सुचलं. वाळलेली मोहफुलं! दिसायला मनुका, गोडीला मनुका, आणि सुगंध स्वतःचाच. ब्रँडीचं कामच नाही. हे इंग्लंडात कोणाला सुचलं नसतं. दसरूला निरोप पाठवला. तो सालेकसाकडचा, भट्टीला लाकडं देतो. त्याच्या घरी मोहफुलं नेहमी असतात.

६ डिसेंबर, शनिवार
दसरूने पायलीभर मोहफुलं आणली. मोठ्या बरणीत मोहफुलं, गूळ, सफरचंद, संत्र्याची साल, मसाले, वर पाणी. उरलेलं मिश्रण प्लास्टिकच्या डब्यात. दोन्ही भट्टीजवळ, ऊब लागावी म्हणून.

दसरूने विचारलं, "केशोभाऊ, कायले भिजवून राहिले?" त्याला येशू, बारा शिष्य, सगळं नीट समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हे आठ दिवसानं काय होते, मले मालूम आहे." प्रभावित झालेला दिसला.

प्रथेप्रमाणे घरातल्या प्रत्येकाने मिश्रण उजवीकडून ढवळून मनात इच्छा धरायची. मी ढवळलं. सुशीलाने ढवळलं, तोंड वाकडं करून. दसरूलाही ढवळायला लावलं. तो म्हणाला, पाणी कमी आहे, उतरणार नाही. काय उतरणार नाही ते विचारायचं राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार
बुडबुडे येऊन राहिले. फळं मुरायला लागल्याची खूण. झाकण घट्ट केलं. वर वीट.

१२ डिसेंबर, शुक्रवार
शेजारचा बिसराम सहा महिने इकडे फिरकला नव्हता. आज दोनदा आला. टोस्ट मागितला, पण नाक भट्टीकडे. एकदा तर डोळे मिटून उभा राहिला. गिऱ्हाईक परत येऊन राहिलं! साखर पुन्हा दोन चमचे केली. मेहनतीचे दिवस आहेत.

१५ डिसेंबर, सोमवार. पहाटे ५.४०
बरणी फुटली. वीट पत्र्याला लागून पिठाच्या टोपल्यात पडली. भिंत तपकिरी. मीही तपकिरी.

सुशीला धावत आली, वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, हा तं मोहाचा सडवा आहे! दारू गाळणारे असाच सडवतात. शेंबड्या पोरालेही समजते, तुमाले काऊन समजत नाही?" मी सांगितलं, हे पाककलेचं काम आहे, यात बायकांनी पडू नये. बरणीच हलकी होती. आजकाल कोणत्याच वस्तूत दम राहिला नाही.

लाकडं घेऊन दसरू आला. सांडलेल्या मिश्रणात बोट बुडवून वास घेतला. "बेकार गेली," एवढंच म्हणाला.

प्लास्टिकचा डबा शाबूत आहे. पुरेल.

१८ डिसेंबर, गुरुवार
ट्रायल. छोटे साचे नव्हते. कपाटात एकवीस स्टीलच्या वाट्या सापडल्या, नव्या कोऱ्या, देवाने पाठवल्यासारख्या. त्यात पाई लावून भट्टीत ढकलल्या. भट्टी जरा जास्त तापली होती. पाई वाट्यांना चिकटल्या, वाट्या तव्यासारख्या काळ्या झाल्या.

वाट्या सुशीलाच्या होत्या. शेवटच्या गुरुवारच्या उद्यापनाला सवाष्णींना वाण म्हणून द्यायच्या. पाच वाजता बायका आल्या. हळदीकुंकू आणि एकेक केळ घेऊन गेल्या. जाताना प्रत्येकीने माझ्याकडे पाहिलं.

सुशीला बोलत नाही. सांगायचं कोणाला, मी काय मजा म्हणून करून राहिलो का हे? बेकरी वाचली तर वाट्या शंभर आणीन.

२१ डिसेंबर, रविवार
गोंदियाहून साचे आणले. बारापैकी आठ पाई अखंड निघाल्या! चांदणी जराशी बेडकासारखी, पण श्रद्धा महत्त्वाची. व्हिडिओत सांगतात तसं वरच्या भोकातून डब्यातला रस दोन-दोन चमचे पाजला. वास जोरदार.

भुपेंद्र आला होता, अर्थात गेटवर बसायचा विषय घेऊन. पाई दिली. एक खाल्ली. मग तीन खाल्ल्या. "जिजाजी, एकदम बढिया," म्हणाला आणि मैद्याच्या पोत्यांवर झोपला तो संध्याकाळपर्यंत. त्याच्या तोंडून माझ्या मालाची ही पहिलीच तारीफ.

२४ डिसेंबर, बुधवार. दुपारी १२
चाळीस नग तयार! सकाळी पाचपासून सुशीलाही भट्टीवर. न सांगता उठली, मैदा मळला, साच्यांना डालडा लावला. दोन वाक्यंही बोलली. एक : "सरका." दुसरं मी लिहीत नाही.

पाहुण्यांसमोर वाचायला इतिहासाचा कागद खिशात घेतला. एक वाजता व्हॅन काढतो, साडेतीनला हजर. गोवर्धनला कळवलं, निश्चिंत राहा.

२४ डिसेंबर. संध्याकाळी ७
निश्चिंत कोणीच राहिलं नाही.

गोरेगावच्या पुढे पोलिसांची तपासणी होती. दार उघडलं आणि दामिनीबाई नावाच्या हवालदार दोन पावलं मागे सरकल्या. विचारलं, काय आहे? म्हटलं, इंग्रजांचा सणाचा पदार्थ. खिशातला कागद काढून वाचून दाखवला. मटण, मसाले, बारा शिष्य. त्यांनी एक पाई फोडली, नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "भाऊ, लोक दारू पेतात. तुमी काऊन चावून खाऊन राहिले?"

पंचनामा झाला. "मैद्याच्या वाट्यांत भरलेला मोहाचा सडवा, चांदणीसहित, चाळीस नग." त्यात चांदणीची नोंद व्हावी हा माझाच आग्रह होता. बाई माणुसकीच्या निघाल्या. मला समज देऊन सोडलं, माल मात्र खड्ड्यात पुरला. खड्डा मीच खोदला. मातीही मीच लोटली. फोनवर गोवर्धनचे अकरा मिस कॉल.

२५ डिसेंबर, गुरुवार
गोवर्धनचा फोन. काल चहासोबत काचेच्या बेकरीतली क्रीम बिस्किटं दिली. पाहुण्यांनी आवडीने खाल्ली. वर्षभराची ऑर्डरही तिकडेच. आणि एक म्हातारी मॅडम हसत म्हणाली म्हणे, बरं झालं मिन्स पाई नव्हती, लहानपणापासून तिला ती कधी आवडलीच नाही.

आवडली नाही! मग मागितली कोणी? गोवर्धन म्हणतो, कोणीच नाही, मीच विचार केला इंग्रज आहेत तं लागेल.

दिवसभर चिडलो. जेवलो नाही. चार वाजता जेवलो.

२९ डिसेंबर, सोमवार. दुपारी
आज भट्टी पेटवली नाही. सुशीलाने डबा दिला. मिलच्या गेटवर आलो, फक्त पाहायला.

टेबल, रजिस्टर, फिरती खुर्ची. खुर्चीवरचं प्लास्टिक तसंच, त्यावर बोटभर भुसा. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढ्या लवकर कशी आणली? भुपेंद्र सरळ बोलला, "लवकर कायची? ताई दिवाळीतच सांगून गेली होती. म्हणे, तुझ्या जिजाजीची सोय करून ठेव, पण मी सांगितलं हे त्यांच्याजवळ बोलू नको."

दिवाळीत. म्हणजे गोवर्धनच्या फोनच्या सव्वा महिना आधी. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाईचा माझ्या बेकरीवर भरवसाच नव्हता.

तरी चोवीस तारखेला सकाळी पाचला उठून तिने मैदा मळला. काऊन मळला असेल? सकाळपासून विचार करून राहिलो. तिला विचारायची हिंमत होत नाही.

आतापर्यंत नऊ ट्रक आले. दोनांचे नंबर लिहायचे राहिले.