अर्जातली गाळलेली ओळ

१४ जुलै, सोमवार

प्रिय आई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीचा खोकला थांबला. यांची बदली यंदाही टळली. तुझ्या गुडघ्याला नवं तेल लावतेस ना? की बाटली कपाटातच पडून आहे?

फोन न करता पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला बोलताच आलं नसतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तू जगाला सांगायचीस. सरकारी नोकरांच्या चौकशांचे कागद सांभाळायला मला बसवलं, तेव्हा दादा पोट धरधरून हसला होता. "बडबडीला आणि गुप्त खोली? दाराला कुलूप कशाला, हिलाच लावा," म्हणाला.

दादा परवा आला होता. वाळलाय. चहा केला तर नुसता ढवळत बसला.

काय लिहू गं, कुठून सुरू करू.

माझं काम तुला माहीत आहे. मीच जेवताना सांगितलं होतं. तक्रार हाताने लिहिलेली आली की मी ती टाइप करते, म्हणजे अक्षर कुणी ओळखू नये. नाव काढायचं, ओळख पटेल अशी वाक्यंही गाळायची. मूळ कागद पाकिटात घालून सीलबंद. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला फक्त माझी प्रत मिळते. आणि हेही मीच बोलून गेले होते, की निनावी अर्ज आम्ही वाचतही नाही, सही हवीच. तू भात वाढत होतीस. मला वाटलं, तुझं लक्षच नाही.

गेल्या महिन्यात बाजाराजवळच्या पादचारी पुलाचा कठडा कोसळला त्याबद्दलचा अर्ज आला. मी सवयीने टाइप करत सुटले. अक्षराकडे बघायचंच नाही, हीसुद्धा सवय. 'तपासणी केल्याची तारीख खोटी आहे. त्या दिवशी इंजिनीअर दिवसभर माझ्या घरी होता. जेवला, झोपला. मी त्याची आई आहे.'

आई, बोटांनी टाइप केलं, डोक्यात नंतर शिरलं. मग खाली तुझी सही. पूर्ण नावाची, बँकेत करतेस तशी.

शेजारच्या बाई विचारत होत्या, पाणी हवं का, आणि मला त्यांचे ओठ हललेले दिसत होते फक्त. मी चिडलेय तुझ्यावर. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून आयुष्यभर सगळं गिळणारी तू. मला एक शब्द बोलली नाहीस, आणि कागद माझ्याच टेबलावर पाठवलास! पेपरात त्या कठड्यासोबत पडून पाय मोडलेल्या बाईचा फोटो आला होता, तो तू उशीखाली ठेवला होतास. मी पाहिला होता. मला वाटलं, रद्दीत टाकायचा राहिला.

ती तुझी ओळ मीच गाळली. घरी, जेवला, झोपला, सगळं काढलं. प्रतीत एवढंच उरलं, की इंजिनीअर त्या दिवशी पुलाकडे फिरकलाच नाही. मग आमच्या साहेबांकडे जाऊन सांगितलं, हा इंजिनीअर माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी माझ्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली. नियमच आहे तसा. पण प्रत तोवर गेली होती.

आता खरं सांगते, दादा कशाला आला होता ते. "नाव सांग," म्हणाला. मी मान हलवली. तर म्हणाला, "नको सांगूस, मला कळलंय. मी पुलावर गेलो नाही हे माझ्या गाडीच्या एकट्या ड्रायव्हरला माहीत होतं." तोच ड्रायव्हर, आई. तुला दवाखान्यात नेताना जिने चढवून नेलं होतं त्याने. त्याला कंत्राटावरून काढायचा कागद दादाने तयार करून ठेवलाय. पुढच्या सोमवारी सही करणार.

मी त्याच्यासमोर नुसती बसून होते. बोलले तर तुझं नाव फुटतं आणि माझी नोकरी जाते. नाही बोलले तर त्या माणसाची चूल विझते, तीही माझ्या साफसूफ केलेल्या प्रतीमुळे.

मला तोंड उघडायची मुभा नाही. तुला आहे. तक्रार करणाऱ्याने आपलं नाव आपणहून सांगितलं, तर कुठलाच नियम आड येत नाही.

दादा रविवारी तुझ्याकडे जेवायला येतोय. आधी सांगितलंस तर तो ताटावरून उठेल. नंतर सांगितलंस तर म्हणेल, खाऊ घालून गळा कापलास. कसंही सांग, पण सांग. मी सकाळीच येते. पोळ्या मी लाटीन आणि बोलताना तुझ्या शेजारी बसेन. तू केलंस ते बरोबर केलंस, हे मला अजून पचलेलं नाही, पण लिहून टाकते.

पत्र वाचून फाडून टाक. फोटो मात्र ठेव.

जन्मात पहिल्यांदा तोंडात तीळ भिजवून बसलेली,
तुझी बडबडी