सातव्या भागातलं खेचर

ती. दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनीला जरा जास्त वाकून, कारण हे पत्र तीच तुला मोठ्याने वाचून दाखवणार आणि न पटलेल्या जागी खाकरणार, हे मला ठाऊक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा रक्तदाब उतरला का, की अजून तुझ्याकडे बघून चढतो? इकडे सगळं ठीक. हे अजून बोटीवरच आहेत. (मागच्या फोनवर पाऊण वेळ नुसता वारा ऐकू आला. वाऱ्याची तब्येत उत्तम वाटली.)

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. त्यात तू साधा प्रश्न विचारला होतास: ठकीला वर्षभर आमच्याकडे ठेवतो, गल्लीतल्या प्राध्यापकांच्या शिकवणीला घालतो, येत्या अठ्ठावीस तारखेच्या रविवारी तिला न्यायला येऊ का? या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही इतकंच आहे, आणि ते मी देणार आहे. पण आधी उशीर का झाला ते सांगते, नाहीतर तू म्हणशील, बहीण लहानपणापासून आळशीच. आळशी नाही, दादा. या दोन महिन्यांत मी साडेचार हजार पानं वाचली आहेत, आणि अजून तेराशे वाचायची आहेत, आणि मी ती वाचणार आहे.

झालं असं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाल्यापासून ठकी खोलीतून बाहेर येत नव्हती, हे तुला माहीतच आहे. बाहेर आलीच तर बोलायला तीन शब्द: हो, नाही, नंतर. मी समजावलं, रागावले, रडले, मग पुन्हा समजावलं. शेवटी एकदा ती अंघोळीला गेलेली असताना तिच्या खोलीत उभी राहून मी नीट बघितलं. अभ्यासाची पुस्तकं पलंगाखाली ढकललेली, आणि उशाशी फक्त एका अद्भुत कादंबरीचे नऊ भाग, एकेक विटेएवढा. म्हटलं, माझी मुलगी चार महिने या विटांच्या पलीकडे राहते आहे. ती तिकडून येत नाही तर मला तिकडे जायला हवं. पहिला भाग उचलला आणि पदराखाली घालून चोरासारखी बाहेर आले.

पहिली साठ पानं मला एक अक्षर कळलं नाही. सुरुवातीला नकाशा, त्यात नदी चक्क डोंगर चढते. मग चार पिढ्यांची वंशावळ. (सासरची नाती लागायला मला अकरा वर्षं लागली, आणि तीही मोठ्या नणंदेने कागदावर काढून दिली तेव्हा. इथे तर निम्मी माणसं मेल्यावरही बोलतात.) नावं अशी, की उच्चारताना जिभेला गाठ बसावी. मी सरळ आपली नावं ठेवली. सिंहासन बळकावलेली राणी ती हेडबाई. सावली हरवलेला राजपुत्र तो बिनसावल्या. नकाशे काढणारी आंधळी म्हातारी ती मोठी आजी. आणि राजपुत्राचं सामान वाहणारं एक बोलकं खेचर होतं, त्याला मी नाव ठेवलंच नाही, ते खेचरच. दर दहा पानांनी ते राजपुत्राला सुनावायचं, की तुझं राज्य गेलं ते जाऊ दे, माझं खोगीर आधी सैल कर. पहिला भाग मी मुलीसाठी वाचायला घेतला होता. शंभराव्या पानापासून, खरं सांगते, खेचरासाठी वाचला.

पहिला भाग संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी दुसरा भाग ठेवलेला होता. कोणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती, घरात आम्ही दोघीच. तिसऱ्या भागात तर एक चिठ्ठी निघाली, तिच्या बारीक अक्षरात: कोण कोणाचा मुलगा, कोण मेलाय आणि कोण नुसता मेल्याचं सोंग करतोय. दादा, चार महिन्यांत तिने मला दिलेला तो पहिला मजकूर. मी तो डब्यात ठेवला आहे, लग्नाच्या कागदांबरोबर.

मग मात्र माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, हे कबूल करते. जिना चढताना वाचत होते, एक मजला जास्त चढले, वरच्या बिऱ्हाडाच्या कुलपात आपली किल्ली पाच मिनिटं फिरवली, वैतागून घंटा दाबली, आणि दार उघडणाऱ्या गृहस्थालाच विचारलं, की तुम्ही आमच्या घरात काय करताय? ते बिचारे मागे वळून घराकडे बघायला लागले. त्यांनाही क्षणभर शंका आली असावी.

हे हसण्यावारी गेलं. कामावरचं जाणार नव्हतं. तुला माहीत आहे, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवायचा, रोग्याच्या तोंडात लावून बघायचं, मगच पक्की कवळी. बावीस वर्षांत माझ्या हातून एक दाढ तिरकी गेलेली नाही. पण चौथ्या भागात दलदलीतली माणसं येतात, त्यांचे सुळे ओठांवर टेकतात, आणि ते वर्णन इतकं बारकाईने केलेलं आहे की कारागिराच्या हाताला सुरसुरी यावी. मी डबा खाताना ते प्रकरण वाचलं आणि हात धुऊन एका निवृत्त गाणंमास्तरांची कवळी लावायला बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ती मास्तरांच्या तोंडात बसवली आणि आरसा त्यांच्यापुढे धरला. दोन्ही सुळे जवळजवळ हनुवटीकडे निघालेले.

मास्तरांनी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मी दारात उभी, जमीन फाटेल तर बरं अशी. मग ते म्हणाले, "बाई, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, एका वर्गाने माझं ऐकलं नाही. हे दात तेव्हा कुठे होते?"

मास्तर हसले म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रोगी गेल्यावर म्हणाल्या, "मेणात होतं म्हणून वाचलात. पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." बरोबरच बोलल्या. मी सुळे घासून जागेवर आणले, घरी आले आणि नियम केला: पुस्तक दवाखान्यात न्यायचं नाही, जिन्यात उघडायचं नाही, आणि घरी आल्यावर रोज ऐंशी पानं, एक कमी नाही. (जास्त झाली तर चालतील. तेवढी सूट मी स्वतःला दिली आहे.) वाचन सोडायचा विचार एकदाही मनात आला नाही. चार भागांत एवढीच चिठ्ठी मिळाली होती. उरलेल्या पाचांत काय मिळेल ते सोडायला मी वेडी नाही.

सहावा संपला त्या संध्याकाळी मी भांडी घासत होते. ठकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, सातव्या भागात खेचरावर फार जीव लावू नकोस."

मोज, दादा. किती शब्द झाले ते मोज. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. वळून बघितलं तर ही परत जाईल, म्हणून नळाकडे तोंड करूनच म्हणाले, "का गं? काय होतं त्याचं?" तर म्हणाली, "सांगणार नाही. पण ते पान आलं की मला हाक मार."

रविवारी दुपारी ते पान आलं. मी हाक मारली. ती आली, माझ्या शेजारी सतरंजीवर टेकून बसली, आणि मी मोठ्याने वाचायला लागले. खेचर पूल तुटताना राजपुत्राचं सामान नाही, राजपुत्रालाच पलीकडे पोचवतं, आणि मग स्वतः पुलाबरोबर दरीत जातं. शेवटचं वाक्य मला वाचवेना, ते तिनेच वाचून पुरं केलं. आम्ही दोघी एका खेचरासाठी अशा रडलो की वरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ खाली येऊन विचारून गेले, घरातलं कोणी गेलं का. मी हो म्हणाले. काय समजावत बसणार?

ते गेल्यावर ठकी डोळे पुसत म्हणाली, "मी पेपरात काही लिहिलंच नव्हतं, आई. सगळं येत होतं. हात इतके कापत होते की पेन धरता येईना. अर्ध्या तासात उठून आले आणि तुला सांगितलं, अवघड होता." दादा, मला किती काय काय बोलायचं होतं! आधी का नाही सांगितलंस, इथपासून सगळं जिभेवर येऊन उभं होतं. मी एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि पान उलटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते. पुऱ्या तोंडाची कवळी त्यापुढे काहीच नाही.

आता रोज आठवा भाग एकत्र वाचतो. ती हेडबाईचा आवाज काढते, मी बाकी सगळ्यांचे. मधेमधे ती कॉलेजचं एखादं काही सांगते आणि मी पुस्तकात बोट घालून ऐकते.

गुडघ्याला जप. वहिनीला पुन्हा नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. अठ्ठावीस तारखेला येऊ नकोस. ठकीची तयारी नाही, तिचा जीव अजून फार नाजूक आहे, तिला विचारलंसुद्धा नाही मी. प्राध्यापकांना सांग, पुढच्या वर्षी.

ता. क. २. मागचं वाक्य खोडणार होते, पण खाडाखोड वहिनी मोठ्याने वाचते. खरं असं आहे, की तयारी माझी नाही. आत्ता कुठे ती बोलायला लागली आणि तू तिला न्यायला निघालास. मला एक वर्ष दे. नाहीतर निदान सहा महिने.

ता. क. ३. मामा, मी ठकी. आईने तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे दिलं, ते उघडं होतं, म्हणून वाचलं. तू अठ्ठावीसलाच ये. मी बॅग काढून ठेवली आहे, हात कापले तर कापले, मला तो पेपर पुन्हा द्यायचाय. आईला मीच सांगेन, आजच. आणि नववा भाग मी बरोबर घेऊन येणार आहे. तो तिला तुमच्याकडेच येऊन वाचावा लागेल. बघच, पहिल्याच रविवारी येते की नाही.