कांडीवरचं तेल

वसुबारस, संध्याकाळ

आजही हवाईयन गिटारची कांडी तेलकट लागली. तारांवर फिरवायची ही स्टीलची कांडी मी रोज पुसून डबीत ठेवते, गिटारला गवसणी घालते, मग ऑफिसला जाते. तिला चकलीचं तेल लागतं कसं? दिवसभर घरात सासूबाईच असतात.

त्यांना माझं जॅझ पसंत नाहीच. कॉलनीच्या दिवाळी पहाटेसाठी जुन्या गाण्याला नवे कॉर्ड लावतेय. शेवट 'सा'वर न आणता कोमल निषादावर सोडलाय. ऐकून म्हणाल्या, "गाणं घरी आणून सोड की. असं वेशीवर कशाला उभं करतीस?" तेव्हापासून मनात येतंय, मुद्दाम तारा उतरवून ठेवत असतील का? पण तारा तर सुरात असतात. मग कांडी कशाला काढतात? आज विचारलंच. "मी कशाला हात लावू त्या लोखंडाला?" नजर मात्र कढईत.

वाद नको म्हणून मघाशी शेवट 'सा'वर आणला. स्वयंपाकघरातला झारा थांबला. आणि त्यांच्याच तोंडून, अगदी हळू, कोमल निषाद.

मी कांडी पुसली. उद्या जाताना गिटारला गवसणी घालणार नाही.