सात वेण्या

अकोला,
बुधवार, दुपारी

प्रिय माय,

पत्र हातात आल्यावर तू आधी ते उलटसुलट करून बघशील आणि अक्षर ओळखलं की फुलांच्या टोपलीखाली सारून देशील. सार. हार पुरा कर, गिऱ्हाईक वाटेला लाव, मग वाच. दोन वर्षांत मी तुला तीनदा फोन लावला. तू "हं" म्हणतेस, मागून मार्केटचा गलका ऐकू येतो, मग मीही "हं" म्हणते आणि फोन ठेवला जातो. पत्रात तुला मधेच "हं" म्हणता येत नाही, म्हणून पत्र. चौथीच शिकलीस तरी ओठ हलवत हलवत सगळं वाचतेस हे मला माहीत आहे. दहावी होऊन मी काय मोठे दिवे लावले?

तर आधी बातमी. तुला नात झाली. आज एकोणिसावा दिवस. रंग तुझा, नाक चंदनच्या घरचं, आणि राग कोणाचा ते सांगायला नको. बारसं अजून झालं नाही. तुझा जावई तांदळाच्या दाण्यावर लोकांची नावं लिहून देतो. यंदा कौंडण्यपूरच्या जत्रेत चांदूर रेल्वेच्या एका काकांनी घरातल्या अकरा जणांची नावं एकाच दाण्यावर मागितली, तर यानं डोळ्याला भिंग लावून तेही करून दिलं. दाणा घेताना काकांना शिंक आली, आणि अकराही जण गेले कुठल्या कुठे. अर्धा तास आम्ही सगळे जमिनीवर रांगून राहिलो होतो. तर असा हा जगाची नावं लिहिणारा माणूस, आणि स्वतःची पोर बिननावाची. कुठं होते मी? हां, बाळंतपण.

जत्रा उठल्यावर आम्ही अकोल्यात आनंद मेळ्यात दुकान लावलं. त्याचे दाणे, माझी मेंदी. तारीख तीन आठवडे पुढं होती. चंदन विचारायचा, बाळंतपणाला कुठं जायचं, आणि मी म्हणायचे, मेळा संपू दे, बघू. काय बघणार होते ते मी त्याला सांगितलं नाही, तुलाही सांगत नाही. एका बाईच्या हातावर मोर काढून राहिले होते, पिसारा अर्धा झाला आणि कळ आली. बाई मात्र भली. ओली मेंदी सांभाळत रिक्षातून दवाखान्यापर्यंत आली. तिचा मोर लांडाच राहिला.

आता आम्ही सरोजिनीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. त्यांची मुलगी नीलम माहेरी बाळंतपणाला आलेली, तिचा ईशान तीन महिन्यांचा आहे. म्हणजे एकाच अंगणात दोन बाळंतिणी. एकीची आई पुढच्या खोलीत लाडू वळते, आणि दुसरीची कुठं आहे ते येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते. "पहिलं बाळंतपण, अन् माहेरी नाई गेली?" पाणी भरायला आलेली विचारते, दूधवाला विचारतो, एकदा तर मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसानं विचारलं! सगळ्यांना उत्तर देऊन देऊन माझं डोकं उठलं. आणि जो विचारतो तो जाताना एक सल्ला ठेवून जातो. शेपू खा, दूध येते. अळीव खा. पाणी कमी पी, पाणी जास्त पी. संत्र्याला तर हात लावायचा नाही, लेकराला सर्दी होते म्हणे. दारावरून वरूडच्या संत्र्यांचे हातगाडे जातात आणि मी अमरावतीची पोर वास घेत बसते. सरोजिनीबाई रोज सकाळी शाळेची तपासणी असल्यासारख्या दारात उभ्या राहतात. "बाळाला धरण्याची ही पद्धत नव्हे. मान वर, पोट पोटाशी." मी पोट पोटाशी लावते, मान वर धरते, पोरगी दोन घोट ओढते आणि झोपते. पायाला टिचकी मारून उठवली की रडते. ती रडते, मग मी रडते, मग चंदन बाहेर जाऊन विनाकारण मोटारसायकल पुसतो.

कारण दूध पुरत नव्हतं, माय. दहाव्या दिवशी दवाखान्यात वजन केलं. जन्मताना दोन किलो तीनशे होती, ती दोन किलो पन्नास भरली. डॉक्टर म्हणाले, पाच दिवसांत वाढ दिसली नाही तर भरती करायची. डब्याचं दूध सुरू करून दिलं, तर वाटी-चमच्यानं पाजलेलं सगळं तिनं माझ्या कुडत्यावर परत केलं. तिथं बाळाला पाजायची वेगळी खोली होती, मी आत गेले, तर बसायला जागा नाही. खोलीभर आईच्या दुधाचं महत्त्व सांगणाऱ्या पोस्टरचे गठ्ठे! मी त्यातल्याच एका गठ्ठ्यावर बसून पाजलं. हसू नको. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेपू आणायला मी स्वतः निघाले. सव्वा महिना उंबरा ओलांडू नको, असं सरोजिनीबाई ओरडत होत्या. पण मला एका जागी दहा दिवस म्हणजे दहा वर्षं, तुला माहीत आहे. शेपूवरून सुरू केलं आणि बोरं बघत, बांगड्या बघत मी बाजाराच्या पार टोकाला गेले. तिथं पोरीनं टाहो फोडला. मी मेथीच्या पोत्याआड उभी राहून तिला पाजायला बघतेय, ओढणी एका हातात, पोरगी दुसऱ्या हातात, गर्दीतली माणसं मुद्दाम मान वळवून बघून राहिली. तेवढ्यात समोर एका म्हाताऱ्या भाजीवालीचा अंबाडा दिसला. अंबाड्यात शेवंतीची वेणी. दर चार फुलांनंतर दवण्याची एक काडी, शेवटी दोऱ्याचा दुहेरी फास. जगात तसा फास एकच बाई मारते. माझ्या मायची वेणी अकोल्याच्या बाजारात, परक्या बाईच्या पांढऱ्या केसांत!

ती वळून म्हणाली, "अवं, काहून रडवून राहिली लेकराले? उभ्यानं पाजतात काय? बस इथं." तिनं रिकामं क्रेट पालथं घातलं, स्वतःचा पदर पडद्यासारखा धरला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "पंचफुलाची हर्षी न तू? मी पार्बता. बाप्पा! माह्यं दूध पेली, अन् मलेच वयखत नाई?"

पार्बताबाई. तुझ्या शेजारी कोथिंबीर घेऊन बसायची ती. लेकाकडे, गोवर्धनकडे, राहायला आली सहा वर्षांपूर्वी; तोच तो, गाडी घेऊन अमरावतीला येतो.

माय, तुला ठाऊक आहे तो टोमणा माझ्या कुठं लागतो ते. लहानपणापासून मार्केटात मला पाहिलं की एक ना एक बाई म्हणायचीच, "सात जणींचं दूध पेली हे पोरगी, एका घरी टिकते काय?" सगळ्या हसायच्या, तूही हसायचीस. शाळेतून पळाले की तेच. नागपूरला मेंदीच्या क्लासला गेले आणि महिन्यात परत आले की तेच. मला वाटायचं, माझ्या आईला गजऱ्या-हारांपुढे पोरीला पाजायला वेळ नव्हता, तिनं मला लोकांकडे देऊन टाकलं, आणि वर त्याचाच विनोद करते. आणि त्याच बायकांना तू रोज फुकट वेण्या द्यायचीस! भवानी व्हायच्या आधी सात वेण्या गुंफायच्या आणि मला वाटायला पाठवायचीस. स्वतःच्या केसांत कधी एक फूल नाही. एकदा मी त्यातल्या दोन वेण्या बसस्टँडवर विकल्या आणि बर्फाचा गोळा खाल्ला. जन्मात तू मला एकदाच मारलंस, ते त्या दिवशी. दोन वेण्यांसाठी! मी ते विसरले नव्हते.

म्हणून पार्बताबाईला मी फटकन म्हटलं, प्यायले असेन, माझ्या मायला वेळ नव्हता ना. तिचा कोथिंबीर बांधायचा हात थांबला. "येळ? कोन सांगतलं तुले हे?" मग तिनं सांगितलं, ते मी तिच्याच बोलीत लिहिते, माझ्या शब्दांत मला जमणार नाही. "तू आठ दिसाची होती, अन् पंचफुलाले टायफाईड झाला. दूध आटलं ते आटलंच. डब्याचं तुले पचे नाई. अंगात ताप घेऊन, तुले पदरात बांधून थे मार्केटात ये, अन् आमच्यापुढं उभी राहे. तोंडानं काही म्हने नाई. नुसती उभी राहे. आमीच हात पुढं करो. अन् दुसऱ्या दिवशी जिनं जिनं पाजलं तिच्यासाठी वेणी घेऊन ये. आठ महिने, बाई. अन् आता पाह्य, मी अकोल्याले आली, तरी गोवर्धन तिकडं गेला का थे त्याच्यापाशी माही वेणी देतेच."

मी शेपू तिथंच विसरून आले.

आता मला सांग, माय, तू का नाही बोललीस? एक शब्द! त्या दिवशी मी चंदनसोबत कोर्टात लग्न करून पेढे घेऊन आले, तू सगळ्या मार्केटसमोर म्हणालीस, "सात जणींचं पेली, एका घरी कशी राहील?" आणि मी सगळ्या मार्केटसमोर म्हणाले, "तू पाजलं असतंस तर राहिले असते." तेव्हा सांगायचं होतंस. त्या सातांतल्या चार जणी तिथं बसल्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं तर तू हातानं गप्प केलंस त्यांना, ते मला आत्ता आठवतं. तू खाली मान घालून सुई ओवत बसलीस. मी समजले, हिच्याकडे उत्तर नाही. कसली बाई आहेस तू! दोन वर्षं मी ते वाक्य बोलल्याचा माज मिरवला. तुझ्या या गप्प राहण्यानं मी किती उंडारले, माहीत आहे तुला?

असो. पुढचं सांगते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम उन्हात बसून ईशानला तेल लावत होती. मी पोरीला घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. मी, जी जत्रेत जागेसाठी पोलिसाशी भांडते, ती मी हवापाण्यावर घसरले. म्हटलं, आज थंडी फार आहे न. पुन्हा म्हटलं, थंडी फार आहे. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा नीलमनं तेलाचे हात पुसले आणि म्हणाली, "ताई, थंडीचं मागून बोलू. आण तिला इकडे." तेवढ्यात सरोजिनीबाई आतून कडाडल्या, "रिपोर्ट बघितल्याशिवाय काही नाही!" दोघींच्या फायली पिशवीत घालून त्या स्वतः दवाखान्यात गेल्या, सिस्टरना तपासण्यांचे कागद दाखवले, आणि दुपारी परवानगी घेऊन आल्या. अट एकच, प्रत्येक वेळी आधी माझं पाजायचं, मग वरचं नीलमचं. सिस्टरनं मला बोलावून तोंडात धरवायचं कसं तेही नीट शिकवलं. सगळं सरोजिनीबाई म्हणत होत्या तसंच निघालं, हे त्यांना कळू दिलं नाही.

वेणी मला येत नाही. तू शिकवायला बसलीस की मी पळायचे. म्हणून नीलमच्या हातांवर मेंदी काढली, दोन्ही हात भरून. मेंदी ओली असतानाच ईशान उठला. ती हात वर करून बसलेली, आणि सरोजिनीबाई नातवाला तिच्या छातीशी धरून उभ्या. मला म्हणाल्या, "उपकार फेडायचे असतील तर पोळ्या लाट." तेव्हापासून मी त्यांच्या घरच्या पोळ्या लाटते. त्यालाही त्या नावं ठेवतात.

पंधराव्या दिवशी वजन झालं, दोन किलो एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, भरती नको, असंच चालू ठेवा. काल तर नीलमच्या दारापर्यंत जाईस्तोवर माझाच कुडता भिजला. मी तशीच परत फिरले आणि खोलीत बसून पाजलं. पोरगी पोटभर प्यायली आणि न रडता झोपली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दूध. मी तेव्हा दोन गोष्टी केल्या. एक, अख्खं संत्रं खाल्लं. दुसरी, हा कागद घेतला.

कारण मला त्या दारात एकदाच उभं राहावं लागलं, माय, आणि तेही नीलमसारख्या पोरीच्या दारात, तरी मी तीनदा थंडीवर बोलले. तू अंगात ताप घेऊन आठ महिने सात जणींपुढं रोज उभी राहिलीस, आणि मी त्याच सातांतल्या चौघींसमोर तुला तसं बोलले. ते वाक्य मी परत घेते. पार्बताबाईला मी शपथ घातली होती की मायला मीच सांगीन, म्हणून ती आठ दिवस गप्प आहे. तिला ते फार जड जातंय. हे पत्र गोवर्धन आणून देईल. त्याच्या गाडीत पुढं एका माणसाची जागा असते. रविवारी बारसं ठेवलंय. लाडू आणू नको, लाडवांनी मी विटले. पोरीनं आता दोघींचं दूध प्यायलंय, म्हणजे ही पण एका घरी टिकायची नाही. ते तिला दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी तू येऊन म्हण. मी उलट बोलणार नाही. निदान रविवारपुरती तरी. पार्बताबाईची वेणी तू आणशीलच. या खेपेला एक जास्त गुंफ, नीलमसाठी.

तुझीच, आणि त्या सातजणींची,
हर्षी